कॅम निवडताना फक्त कानाचे ऐकावे

१९७० सालची शेव्हेल, शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी, अखेर आपल्या गॅरेजमध्ये आली आहे. तिचे ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवले आहे, ब्लॉक मशीन शॉपमधून बोअर होऊन आला आहे, आणि आता एवढाच प्रश्न उरला आहे की कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लाडाने नुसता कॅम, कोणता घालावा. गाडी आपण रस्त्यावर चालवणार आहात, ट्रॅकवर नव्हे. पण हा तपशील येथेच विसरून जावा, कारण निवडीच्या आड येणाऱ्या सर्व गोष्टींचा उगम त्यातच आहे. कॅम हा कानाने निवडायचा असतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन लंगडत, अडखळत, आता बंद पडते की मग पडते असे धडधडले पाहिजे आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारले पाहिजे, ‘कॅम कोणता?’ हा प्रश्न ज्या कॅममुळे विचारला जाईल तो कॅम योग्य, बाकी सारे पुस्तकी पांडित्य.

पहिली अडचण कॅम बनवणाऱ्या कंपनीकडूनच येईल. आपण पैसे द्यायला तयार असताना फोनवरचा तंत्रज्ञ चौकशी आरंभतो: गाडीचे वजन किती, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो किती, टायरचा व्यास किती, कॉम्प्रेशन किती, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पटीने दाबले जाते, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर इंजिनाची ताकद त्याच्याकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर किती आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांचा, ब्रेक पॉवरचे आहेत का. मुलगी पाहायला आलेल्या स्थळाकडच्या मंडळींनीही इतके प्रश्न विचारले नसतील. अशा प्रसंगी खरे बोलणे हा मूर्खपणा होय. वजन ३०० पौंडांनी कमी सांगावे, कॉम्प्रेशन एक अंकाने वाढवून सांगावे, आणि वापर विचारला की ‘रस्ता आणि ट्रॅक, निम्मे निम्मे’ असे ठणकावून सांगावे. खरे सांगितलेत तर तो माणूस आपल्याला इतका समजूतदार कॅम सुचवेल की गाडी थंडीत पहिल्या चावीला सुरू होईल, आणि मग गाडी जुनी आहे यावर कोणाचा विश्वास बसणार?

आता आकड्यांविषयी. कॅमशाफ्ट, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो आणि त्यावरचे लोब, म्हणजे उंचवटे, लिफ्टर, पुशरॉड व रॉकर यांच्या मार्फत व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते ड्युरेशन. ड्युरेशनचे दोन आकडे छापलेले असतात. लिफ्टर ०.०५० इंच उचलला गेल्यापासून तो पुन्हा तितक्याच उंचीवर येईपर्यंत मोजलेला आकडा दोन कंपन्यांच्या कॅमची तुलना करायला उपयोगी पडतो, म्हणून तो टाळावा. दुसरा आकडा जाहिरातीचा; तो मोजणे लिफ्टर जेमतेम हलल्याबरोबर सुरू होते आणि नेमके कुठे सुरू करायचे हे कंपनीगणिक बदलते. एकच कॅम पहिल्या पद्धतीने २२४ अंशांचा आणि दुसऱ्या पद्धतीने २६८ अंशांचा भरतो. मित्रांमध्ये कोणता आकडा सांगायचा हे आपल्याला शिकवण्याची गरज नाही.

ज्या आवाजासाठी हा सारा खटाटोप, त्याचे कारण मात्र समजून घ्यावे, म्हणजे अभिमान डोळस होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच इनटेक व्हॉल्व्ह उघडतो. जेवढा वेळ दोन्ही उघडे असतात त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ६,००० आरपीएमला बाहेर धावणारा जळका वायू आपल्या वेगाने ताजे मिश्रण आत ओढून घेतो आणि ओव्हरलॅपचे सोने होते. ८०० आरपीएमला मात्र मॅनिफोल्डमधला, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम तोच जळका वायू उलट इनटेकमध्ये खेचतो, मिश्रण भेसळीचे होते, एखादा सिलिंडर पेटतो, एखादा पेटतच नाही, आरपीएम घसरतात, पुन्हा सावरतात. थोडक्यात, आपण ज्यावर जीव ओवाळून टाकणार आहोत तो आठपैकी काही सिलिंडर कामचुकारपणा करत असल्याचा आवाज आहे. दोन लोबच्या मध्यांमधला कोन जितका कमी तितका ओव्हरलॅप जास्त, म्हणून कारखान्याने दिलेला ऐसपैस कोन नाकारून १०७ अंशांवर यावे. कॉम्प कॅम्स या कंपनीने तर ‘थंपर’ नावाची मालिकाच आवाजासाठी म्हणून बाजारात आणली. हा धंद्यातला प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. बाकीचे लोक तेच करतात, फक्त त्याला ताकदीचे नाव देतात.

येथे कोणी इतिहासाचा दाखला देऊन आपल्याला नाउमेद करील. झोरा आर्कस-डंटॉव्ह या शेव्हरोलेच्या इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा ‘थर्टी-थर्टी’ कॅम ०.०५० इंचांवर २५४ अंशांचा होता आणि तो खुद्द कारखान्याने १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ मध्ये घातला, मग मी का घालू नये, असे आपण म्हणाल तर तो म्हणेल की त्या ३०२ घन इंचांच्या इंजिनाला ११:१ कॉम्प्रेशन होते, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सच मिळत असे, मागे ३.७३ चा रेशो होता, आणि ट्रान्स-ॲम शर्यतींच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसण्यासाठीच ते इंजिन घडवलेले होते. म्हणजे तिथे कॅमला शोभेल अशी सगळी गाडी होती. असल्या युक्तिवादाने खचून जाऊ नये. त्यातून दाखला द्यायचाच तर लोक तो १९६६ च्या नोव्हामध्ये मिळणाऱ्या एल-७९ या ३२७ इंजिनाचा देतील: २२२ अंश, ०.४४७ इंच लिफ्ट, आणि त्या काळच्या मोजणीने ३५० अश्वशक्ती. रस्त्यावरच्या गाडीला याहून शहाणा कॅम सापडणे अवघड आहे. पण २२२ हा आकडा चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार?

कॉम्प्रेशनचा मुद्दा मी चटकन उरकतो, कारण तो आपल्या बाजूचा नाही. सत्तरीच्या दशकातल्या कमी प्रदूषणाच्या ३५० इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण ८.५:१ असते. मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा मिटतो की पिस्टन वर येऊ लागला तरी तो उघडाच असतो आणि आत घेतलेले मिश्रण आल्या वाटेने परत जाते. आधीच तुटपुंजे कॉम्प्रेशन, त्यातून ही गळती. परिणामी ३,००० आरपीएमच्या खाली गाडी अशी चालते की आपण हँडब्रेक काढला का, हे दोनदा तपासावे लागते.

नाकापेक्षा मोती जड झाला अशी कुरकुर करणारे करोत. आपण नाक बदलावे. कॅटलॉगमध्ये आपल्या कॅमपुढे ‘३,००० ते ६,८००’ असे छापलेले आहे. मिशिगनमधल्या आय-७५ वर ताशी ७० मैलांनी जाताना २६ इंची टायर आणि २.७३ चा ॲक्सल असेल तर इंजिन सुमारे २,५०० वर फिरते, म्हणजे कॅम संपूर्ण प्रवासभर झोपलेला असतो. तेव्हा ४.१० चा गिअर घालावा. आता त्याच वेगाला इंजिन ३,७०० वर ओरडू लागते, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे अशक्य होते आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत सरकतो. पण कॅम जागा झाला, हे महत्त्वाचे. मूळचा टॉर्क कन्व्हर्टर १,८०० च्या आतबाहेरच पकड घेतो, म्हणून तोही काढून ३,००० चा बसवावा. तो तापतो, म्हणून ट्रान्समिशनचा वेगळा कूलर. उंच असा हाय-रायझर मॅनिफोल्ड घातला की हुड बसत नाही, म्हणून हुडला फुगवटा. कॅम साधारण एका सायंकाळच्या चर्चेत ठरतो. त्याची बडदास्त ठेवण्यात वर्ष जाते.

यातला कोणताही खर्च परवडत नसेल तर मूळच्या कन्व्हर्टरवर गाडी चालवण्याची एक विद्या आहे, ती शिकून घ्यावी. लाल दिवा दिसताच गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. डावा पाय ब्रेकवर, उजव्या पायाची टाच जमिनीला टेकवून बोटांनी ॲक्सिलरेटर इतकाच दाबून धरावा की सुई १,१०० च्या खाली उतरणार नाही; डोळे आडव्या रस्त्याच्या पिवळ्या दिव्यावर. तो लाल होताच लिव्हर ड्राइव्हमध्ये ओढावा. मागचा ॲक्सल धाडकन बोलतो, गाडी एक हिसका देते, कार्ब्युरेटरमधून एक खोकला येतो आणि इंजिन बंद पडते. तोवर शेजारच्या लेनमधली, मागे बेबी सीट लावलेली टोयोटा कॅमरी पुढच्या चौकात पोचलेली असते. तिच्या चालकाला आपला आवाज ऐकू आला असणारच.

ब्रेकविषयी फार काळजी करू नये. साध्या कॅमवर आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसते जागेवर चालू असताना, पाऱ्याच्या मापाने १८ ते २० इंच व्हॅक्यूम मिळतो आणि ब्रेक बूस्टर त्यावरच चालतो. आपल्या कॅमवर तो आठ-दहा इंचांवर येईल. रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा दाबलेला ब्रेक नीट लागतो. दाटीच्या रस्त्यात तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल ताठ होते आणि मांडीतल्या ताकदीवर गाडी थांबवावी लागते. होली कार्ब्युरेटरमधला ६.५ चा पॉवर व्हॉल्व्ह व्हॅक्यूम साडेसहा इंचांखाली गेला की जादा पेट्रोल सोडतो. ते खरे तर पूर्ण थ्रॉटलसाठी, पण आपल्याकडे तो गल्लीतून सावकाश जातानाही उघडेल, प्लग काळे होतील आणि कपड्यांना येणाऱ्या वासावरून आपण कुठून आलात हे घरच्यांना विचारावे लागणार नाही.

इंजिन जोडताना वेळ वाया घालवू नये. पिस्टनवर मॉडेलिंग क्ले ठेवून, क्रँक हाताने फिरवून, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांत इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच अंतर उरते का हे पाहणारे लोक आयुष्यात काही भव्य करत नाहीत. जुन्याच स्प्रिंग ठेवाव्यात. जास्त लिफ्टला स्प्रिंग धरणारा रिटेनर सीलवर आपटेल किंवा ५,००० च्या पुढे व्हॉल्व्ह वेळेत न मिटता तरंगू लागतील, पण त्या निमित्ताने हेड पुन्हा उघडून पाहण्याची संधी मिळते.

सर्वांत कठीण परीक्षा पहिल्यांदा इंजिन सुरू करतानाची, आणि येथे मी आपल्याला खास सावध करू इच्छितो. शेव्हरोलेने छोट्या व्ही-८ ला चाक लावलेले रोलर लिफ्टर १९८७ मध्ये दिले. त्याआधीच्या आपल्या इंजिनात सपाट बुडाचे लिफ्टर आहेत. ते तसे अगदी सपाट नसतात. लिफ्टरचे बूड किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो, जेणेकरून लिफ्टर आपल्याभोवती फिरत राहील आणि एकाच जागी झिजणार नाही. पहिल्या वीस-तीस मिनिटांत दोघांची जोडी जमते. त्या काळात इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवरच ठेवायचे असते, कारण लोबवर तेल पोचते ते मुख्यतः फिरत्या क्रँकने उडवलेले, आणि आयडलिंगला ते पुरेसे उडत नाही. तेलही जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेले हवे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून नव्या तेलांतून ते कमी केलेले आहे.

म्हणजे काय, ते लक्षात आले का? ज्या आयडलिंगसाठी आपण एवढी पदरमोड केली, तेच अर्धा तास ऐकायचे नाही. गॅरेजच्या दारात शेजारी जमले आहेत, कोणी मोबाइल पुढे धरला आहे, मुले कानांवर हात ठेवून हसत उभी आहेत, आणि आपण नुसते २,२०० वर घों-घों करत उभे राहायचे? दिवसभर ऑफिसात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचे तक्ते अर्ध्या अंशापर्यंत जुळवणारा, डेट्रॉइटजवळच्या उपनगरातला आपला मराठी इंजिनिअरसुद्धा या क्षणी विरघळतो. ‘फक्त एकदा ऐकू दे रे’ असे कोणीतरी म्हणते, तो थ्रॉटल सोडतो, इंजिन ८०० वर येऊन लंगडू लागते आणि टाळ्या पडतात. आपणही तेच करावे. पुढच्या आठवड्यात एका रॉकरची टिकटिक सुरू होईल, व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर तो रॉकर इतरांच्या निम्माच हलताना दिसेल, आणि तेलाचा फिल्टर कापून उघडलात तर घड्यांमध्ये लोबचा उरलेला भाग चकाकत असेल. बेअरिंगमध्ये गेला तो दिसणार नाही. इंजिन पुन्हा स्टँडवर चढेल. यातून घ्यायचा बोध उघड आहे: कॅम लहान निवडला होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर होणाऱ्या, जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझला मात्र जावेच. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत अलोट गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, ऊन मी म्हणत असते, आणि ३,००० ते ६,८०० च्या कॅमसाठी याहून प्रतिकूल वातावरण पृथ्वीवर शोधूनही सापडणार नाही. पण फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली माणसे गाडी डोळ्यांनी पाहायच्या आधी कानांनी पाहतात. तापमानाचा काटा लाल रेषेकडे झुकला की एखाद्या पार्किंगमध्ये हुड उघडून उभे राहावे. लोक आपण होऊन कौतुकाने जमतात आणि गाडी तापली आहे हे कोणालाच सांगावे लागत नाही.

दोन-तीन वर्षांत गाडी विकायला काढाल, तेव्हा जाहिरातीत ‘जबरदस्त कॅम, किरकोळ ट्यूनिंग बाकी’ एवढेच लिहावे. गिऱ्हाईक येण्याआधी पाच मिनिटे गाडी सुरू करून अंगणात लंगडत ठेवावी, किंमत थोडी चढवूनच सांगावी, आणि चालवून बघू का असे त्याने विचारले तर विमा संपल्याचे कारण पुढे करावे.