माझी आंतरजिल्हा बदली

आजीला फोनवर सांगितलं की माझं ट्रान्सफर झालं, तर ती दोन सेकंद गप्प झाली आणि मग आवाज एकदम बारीक करून म्हणाली, "का गं, काय केलंस?"

आता यात तिची काहीच चूक नाही. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि नोकरीच्या नावाखाली माण, खटाव, पाटण, जावळी असं त्यांचं अख्खं सातारा जिल्हा दर्शन झालेलं. त्यामुळे आमच्याकडे ट्रान्सफर म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे एकतर तुम्ही कुणाच्या तरी डोळ्यात खुपलात नाहीतर कुणाच्या तरी मेव्हण्याला तुमची शाळा पाहिजे होती. मी तिला समजावलं की अगं इकडे कॅलिफोर्नियात ट्रान्सफर म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातून युनिव्हर्सिटीत जाणं, ती चांगली असते, पोरं दोन-दोन वर्षं त्यासाठी घासतात, पेढे वाटायची गोष्ट आहे ही. "म्हणजे मागून घेतलीस होय बदली?" आजी म्हणाली. "मग गाव तरी सोयीचं मिळालं ना?"

खरी बदली बाबांची. २०२१ मध्ये कंपनीने त्यांना बे एरियात पाठवलं, मी नुकतीच बारावी कॉमर्स झालेली, आणि सामानात लोणच्याच्या बरण्यांबरोबर मीपण आले. इथे आल्यावर कळलं की डायरेक्ट युनिव्हर्सिटीत जायचं तर फी ऐकून बाबांना खुर्ची द्यावी लागेल, पण कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, एका युनिटला (आपल्याकडच्या क्रेडिटसारखं) फक्त ४६ डॉलर, मात्र त्यासाठी तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी पाहिजेत, आणि रहिवासी म्हणजे राज्यात एक वर्ष आणि एक दिवस काढलेला. तो एक दिवस कशासाठी ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मला तर अकरा रुपयांच्या आहेरातला वरचा एक रुपयाच आठवतो.

तर ते वर्ष अधिक एक रुपया मी घरी भांडी घासून काढलं आणि मग कम्युनिटी कॉलेजला नाव घातलं. लगेच आत्याचा मेसेज, "कम्युनिटी म्हणजे नक्की कोणत्या कम्युनिटीचं गं? आपलं चालतं का त्यात? दाखला पाठवू का?" मी म्हणलं आत्या इथे सगळ्या कम्युनिटीचं चालतं, अशी ११६ कॉलेजं आहेत या एका राज्यात, कुणीही या, दाखला नको, अठरा वर्षांचा पोरगा या आणि पासष्टीच्या आजी या. आणि खरंच माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात एक आजी होत्या ज्या पुढच्या बाकावर बसून स्वेटर विणायच्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशन माझ्यापेक्षा आधी काढायच्या.

खोटं कशाला बोलू, ती दोन वर्षं म्हणजे माहेर होतं. वर्गात तीस-पस्तीस जण, प्रोफेसरना माझं नाव पाठ, आडनावासकट, उच्चारासकट. मी एक दिवस आले नाही तर दुसऱ्या दिवशी "बरी आहेस का" विचारायचे. वर आमचं सगळं शेड्यूल एका वेबसाइटच्या हवाली, असिस्ट नाव तिचं, आमच्या कॉलेजचा कुठला कोर्स तिकडच्या युनिव्हर्सिटीत कुठल्या कोर्सच्या बदल्यात चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. आम्ही ती वेबसाइट अशी बघायचो जशी लग्नाळू घरात पत्रिका बघतात. छत्तीस गुण जुळले, पण एक कॅल्क्युलस जुळत नाहीये, मंगळ आहे. आणि तेव्हा आयगेट्सी नावाचं एक सर्टिफिकेट असायचं, ते झालं की जनरल विषयांमधून सुटका. मी ते मिळवलं आणि फ्रीजवर लावलं. आईने त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.

मग २०२४ च्या सप्टेंबरात मी युनिव्हर्सिटीत रुजू झाले, थेट तिसऱ्या वर्षाला, इकॉनॉमिक्स. कोणती युनिव्हर्सिटी ते सांगत नाही, मला अजून तिथून पास व्हायचंय.

पहिला धक्का हिशोबाचा. आमचं कम्युनिटी कॉलेज सेमिस्टरवर चालायचं, म्हणजे वर्षाचे दोन तुकडे, आणि इथे क्वार्टर, म्हणजे तीन छोटे तुकडे, त्यामुळे माझ्या युनिट्सना दीडने गुणलं. ६६ चे ९९ झाले! एका रात्रीत, काही न करता. डॉलरचे रुपये केल्यावर होतो तसला आनंद झाला, आणि रुपये केल्यावर भाजीचे भावपण रुपयात असतात हे आठवल्यावर जातो तसा गेलापण, कारण डिग्रीला लागतात १८०.

दुसरा धक्का मोठा होता. कम्युनिटी कॉलेजचा माझा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, होता चारपैकी ३.८७. दोन वर्षं त्याला मी तळहाताच्या फोडासारखा जपलेला, एका बी-प्लसवरून तीन दिवस जेवले नव्हते. इथे कळलं की युनिट्स येतात, जीपीए येत नाही. तो वेशीबाहेरच. नवीन ट्रान्सक्रिप्टवर माझी पाटी कोरी, शाळेत पहिल्या दिवशी नेतात तशी.

हे आजोबांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच या प्रकरणात इंटरेस्ट घेऊन सरसावून बसले. "म्हणजे आंतरजिल्हा बदली," ते म्हणाले. "जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली झाली तर सेवाज्येष्ठता टिकते. जिल्हा ओलांडून गेलं की नव्या जिल्ह्यात तुमचं नाव यादीत सगळ्यात खाली. वीस वर्षं शिकवलेलं असू दे." कॉलेजच्या काउन्सेलरने तीन मीटिंगमध्ये मला जे सांगितलं नाही ते आजोबांनी कोरेगावच्या ओट्यावर बसून तीन वाक्यात सांगितलं.

आणि खरी गोची तीच आहे. यादीत मी सगळ्यात खाली, पण कागदावर मी तिसऱ्या वर्षाची. तिसऱ्या वर्षाला इथे ज्युनियर म्हणतात (हे मी फॅमिली ग्रुपवर उत्साहात टाकलं, त्यावर आत्या: "हिची बारावी झालेली ना? परत ज्युनियर कॉलेजला का घातली?"). फ्रेशर लोकांना हरवायचा हक्क असतो, त्यांना नकाशे देतात, टीशर्ट देतात, हातात पाटी धरलेला कुणीतरी दादा त्यांना पिल्लांसारखं फिरवतो. तिसऱ्या वर्षाच्या पोरीने लायब्ररी कुठे आहे विचारलं की समोरचा आधी हसतो, कारण त्याला वाटतं मी जोक केला, कारण आम्ही दोघं लायब्ररीच्या पायरीवर उभे असतो.

रूममेट तिघी. तिघी पहिल्या वर्षापासून एका डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, एका मजल्यावरच्या, त्यांचे जोक तिथले, भांडणं तिथली, एकीचा एक्स दुसरीचा लॅब पार्टनर, सगळं महाभारत होऊन गेलेलं आणि मी एकदम स्वर्गारोहण पर्वात टीव्ही लावलेला. फ्रीजमध्ये मला खालचा भाजीचा ड्रॉवर मिळाला. आणि इथे ओळख झाली की प्रत्येक जण हमखास एकच प्रश्न विचारतो, फर्स्ट इयरला कुठल्या डॉर्मला होतीस? पहिल्या आठवड्यात मी खरं सांगायचे, "आईकडे." मग समोरच्याच्या चेहऱ्यावर असं सहानुभूतीचं काहीतरी यायचं की जणू मी "आयसीयूत" म्हणाले. नंतर नंतर मी नुसतं "लांब होतं इथून" म्हणायला लागले.

लेक्चर हॉलमध्ये साडेतीनशे माणसं. एवढी आमच्याकडे लग्नाला असतात आणि तिथेपण निदान आईला सगळ्यांची नावं माहीत असतात. हजेरी घेत नाहीत, क्लिकर नावाचं रिमोटसारखं यंत्र असतं, प्रोफेसर प्रश्न टाकतात आणि आपण बटण दाबायचं. मी पहिले चार दिवस इमानदारीत बटण दाबलं आणि मग कळलं की ते रजिस्टरच केलेलं नव्हतं. म्हणजे चार दिवस मी घरच्या टीव्हीचा रिमोट शेजारच्यांच्या टीव्हीवर दाबत होते. प्रोफेसरना भेटायला गेले तर ते फार प्रेमाने म्हणाले की हे तुझ्या टीएला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या टीचिंग असिस्टंटला, विचार. टीएने फार प्रेमाने सांगितलं की सिलॅबसमध्ये आहे. सिलॅबस चौदा पानी. कोरेगावचं तलाठी कार्यालय यापेक्षा सोपं आहे, तिथे निदान चहाच्या टपरीवर एक माणूस असतो ज्याला सगळं माहीत असतं.

सायकलीचं सांगायलाच पाहिजे. आमच्या कॅम्पसवर सगळे सायकलवर, आणि चौकाचौकात सायकलींचे गोल आहेत, ट्रॅफिक आयलंडसारखे. सायकल तर मला सातवीपासून येते, त्यामुळे मी सेकंडहँड घेतली, साठ डॉलरला, घंटी असलेली. पहिल्याच सोमवारी दहाला दहा कमी असताना सगळी लेक्चरं एकदम सुटतात हे मला माहीत नव्हतं, मी आपली निवांत निघाले, गोल आला, आणि पायांनी डोक्याला न विचारता साताऱ्यात पोवई नाक्यावर वळायचं तशी सायकल डावीकडून आत घातली. इकडे गाड्या उजवीकडून, म्हणजे गोलपण उलटा फिरतो. बाबांच्या गाडीत हे मला व्यवस्थित कळतं, पण सायकलवर बसलं की मी अजून सातवीतच असते बहुतेक. समोरून शंभर सायकली आणि मी एकटी, आणि मी काय केलं असेल तर घंटी वाजवली. जोरजोरात. जसं काय चूक त्यांची. कुणी ओरडलं नाही, हेच जास्त लागलं, सगळे नुसते "यू ओके?" म्हणत दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे निघून गेले आणि मी मधल्या गवतात सायकलसकट आडवी. पोवई नाक्यावर कुणीतरी निदान "ओ ताई, डोळे घरी ठेवलेत का" म्हणालं असतं. बरं वाटलं असतं.

पण गवतात पडायलाही क्वार्टरमध्ये वेळ नसतो. दहा आठवडे शिकवतात आणि अकराव्यात फायनल. सेमिस्टरमध्ये चौथ्या आठवड्यात आम्ही अजून एकमेकांच्या डब्यात काय आहे ते बघत असायचो, इथे चौथ्या आठवड्यात मिडटर्म. मी बसले. कम्युनिटी कॉलेजात नव्वदच्या खाली यायची सवय नव्हती. इथे आले ५१. आई म्हणाली, "पन्नासपैकी?"

त्या रात्री माझ्या मामेभावाला फोन केला, तो कराडला इंजिनिअरिंगला आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला. मी अर्धा तास रडगाणं गायलं, आधीच बनलेले ग्रुप, कुणी ओळखत नाही, सगळ्यांना वाटतं मला येतं, मला काही येत नाही. तो शांतपणे चिवडा खात ऐकत होता, आवाज येत होता. मग म्हणाला, "एवढंच ना? मला एक अख्खं सेम लोक 'ए डिप्लोमा' म्हणून हाक मारायचे. आणि एम-थ्रीच्या पहिल्या तासाला सर म्हणाले हे तर तुम्ही फर्स्ट इयरला केलंयच. सगळे हो म्हणाले. मी पण हो म्हणालो."

"मग?"

"मग काय, केटी."

एवढा धीर मला त्या महिन्यात कुणीच दिला नव्हता.

मग मी अभ्यास सोडून अभ्यास का होत नाही याचा अभ्यास केला, तर सापडलं की याला नावच आहे, ट्रान्सफर शॉक, १९६५ सालचा हिल्स नावाच्या माणसाचा यावर पेपर आहे, की दोन वर्षांच्या कॉलेजातून चार वर्षांच्या कॉलेजात गेलं की सुरुवातीला मार्क गडगडतात आणि मग बऱ्याच जणांचे हळूहळू सावरतात. आणि त्या पेपरच्या नावात शब्द काय, तर ज्युनियर कॉलेज! कारण कम्युनिटी कॉलेजांना पूर्वी तेच म्हणायचे, १९०१ मध्ये इलिनॉयमध्ये जोलिएटला निघालं त्याचं नाव आजही जोलिएट ज्युनियर कॉलेज आहे. म्हणजे आत्या फार काही चुकली नव्हती, एका वर्षाने आणि सव्वाशे वर्षांनी इकडेतिकडे. हे मी तिला अजिबात सांगितलेलं नाही.

आजीचा बदलीच्या गावाचा एक नियम आहे. गेल्या गेल्या माणसं बघायची नाहीत, आधी पाणी कुठं आणि मोरी कुठं ते बघायचं, माणसं आपोआप पाण्यावर भेटतात. मी हसले होते तेव्हा. पण सहाव्या आठवड्यात लायब्ररीच्या तळघरात मला एक पाण्याचा नळ सापडला, गार, रांग नसलेला, शेजारीच स्वच्छ बाथरूम आणि प्लगवालं टेबल. तिथे रोज तेच तीन-चार चेहरे दिसायचे. एक तीस-बत्तीसचा माणूस आर्मीतून आलेला, एक मुलगी जिला स्वतःचं बाळ आहे, एक व्हिएतनामी पोरगा जो पहाटे बेकरीत काम करून यायचा. बोलता बोलता कळलं, सगळे ट्रान्सफर. कारण फर्स्ट इयरपासून आलेल्यांची आपापली टेबलं वरच्या मजल्यांवर उजेडात ठरलेली. आम्ही आपले तळघरात, पाण्याला धरून. आता तिथे आमचं इकॉनचं टेबल आहे, बेकरीवाला उरलेले क्रोसाँ आणतो, मी खालच्या ड्रॉवरमधल्या कोथिंबिरीच्या वड्या नेते, आणि बाळवालीकडे सगळ्या जुन्या मिडटर्म आहेत. कशा, ते आम्ही विचारत नाही.

डिसेंबरात क्वार्टर संपलं आणि मी घरून आजीला फोन लावला. रुळलीस का म्हणाली. म्हणलं आत्ता कुठे जरा रुळले. "मग आता पुढची बदली कधी?" तिला वाटतं तीन वर्षांनी नियमाने होतेच.

मागून आजोबा म्हणाले, "अगं थांब, आधी तिचं प्रोबेशन तरी संपू दे. प्रोबेशन किती महिन्यांचं असतं गं तिकडं?"

मी म्हणलं आजोबा, इथे सुरुवातीला प्रोबेशन नसतं. मार्क कमी पडले की मग लागतं.

"बरं बरं," आजोबा म्हणाले. "मग तुला लागलं का?"

"हॅलो? आजोबा? आवाज तुटतोय तुमचा."