मावशी, जेटला सुई लावू नकोस

मागच्या गुरुवारी मावशीचा फोन आला. "काहून रे, आपल्या पाइपच्या गॅसचं मीटर उन्हात डबल पळते म्हणे?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं: "अन् आच मंद लागते म्हणून जेटचं भोक सुईनं जरासं मोठं केलं मी. मेसेजमधीच लिहिलं होतं."

मी गाडी काढली आणि तडक तिच्याकडे गेलो. निळी असायची ती ज्योत पिवळी होऊन हलत होती. दुधाच्या गंजाचं बूड काजळीनं काळं. मे महिना, झळा आत येऊ नयेत म्हणून स्वयंपाकघराची खिडकी घट्ट बंद. शिवणाची सुई ओट्यावर तशीच पडली होती.

पाइपच्या गॅसच्या मीटरात आणि बिलात घोळ आहे, असं सांगणारा तो मेसेज नागपुरातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला जेटचा, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचा, सल्ला जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

एक घनमीटर एलपीजीत (सिलिंडरचा गॅस) एक घनमीटर नैसर्गिक वायूच्या (पाइपचा गॅस) अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणून पाइपच्या गॅसला मुळातच मोठ्या भोकाचं जेट लागतं, आणि जोडणी देताना मेकॅनिक ते बदलूनच जातो. ते भोक मोजून पाडलेलं असतं. सुईनं कोरलं की गॅस जास्त सुटतो, त्याच्या मानानं हवा कमी ओढली जाते आणि गॅस अर्धवट जळतो. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खिडकीच्या खोलीत तो माणसाला झोपेतच संपवू शकतो. आच खरोखर मंद वाटत असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा. हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, तर त्यानं लिहूच नये.

आता उन्हाचं. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध. घरचं साधं मीटर गॅसचं आकारमान मोजतं, उष्णता मोजत नाही. गॅस तापला की फुगतो, दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. भिंतीवर उन्हात तापलेलं मीटर मे महिन्यात तेवढ्याच उष्णतेसाठी थोडे जास्त आकडे दाखवू शकतं. मापाचं प्रमाण तापमान साधारण 15 अंश धरून 45 अंशांचा हिशेब केला तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि थंडीत तो जवळपास उरत नाही. मीटर सावलीत बसवून मागा, हे मी स्वतः सांगेन. पण "डबल"? आकारमान दुप्पट व्हायला गॅस 300 अंशांच्या वर तापायला हवा.

"एमएमबीटीयू म्हणजे मिलियन मिलियन, त्यात लाखो कोटींचा घोळ" हा मेसेजमधला मुद्दा वाचून तर संतापच आला. एमएमबीटीयू हे गॅसमधली उष्णता मोजायचं माप. इथला एम रोमन आकड्यातला, म्हणजे हजार. हजार गुणिले हजार, दहा लाख बीटीयू. बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारी उष्णता, सुमारे 252 कॅलरी. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षानं रूपांतराचे आकडे छापलेत, कोणीही उघडून पाहावेत: एका एससीएम गॅसचा उष्मांक, म्हणजे त्यातली उष्णता, 10,000 किलोकॅलरी धरला तर एक एमएमबीटीयू म्हणजे 25.2 एससीएम. एससीएम म्हणजे 15.56 अंश तापमान आणि एक वातावरण दाबाला मोजलेला एक घनमीटर. यात लपवलेलं काही नाही.

"पाइपात हवा मिसळतात" हे साफ खोटं. हवा मिसळते ती बर्नरपाशी, आणि एका भाग गॅसला जवळपास दहा भाग लागतेच.

राहिलं "एक युनिट म्हणजे एक किलो, म्हणून सिलिंडर बरोबर 14.2 युनिट". युनिट हा घनमीटर आहे, किलो हे वजन. तुलना करायची तर उष्णतेत करा. एलपीजीच्या एका किलोत साधारण 11,900 किलोकॅलरी, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये 1 लाख 69 हजारांच्या आसपास. वरच्या 10,000 नं भागा: सुमारे 17 एससीएम. गॅस हलका, म्हणजे 9,000 च्या जवळचा आला, तर 18-19. बिलावर उष्मांकाचा आकडा ठळक छापा, ही मागणी रास्त आहे आणि ती मी करणारच. त्या आकड्याशिवाय ग्राहकाला हा भागाकार करता येत नाही.

मावशीचं बिल काढून तिच्यासमोरच मांडलं. दोन महिन्यांत 23 युनिट. आधी तिचा सिलिंडर पंचेचाळीस दिवस पुरायचा, म्हणजे दोन महिन्यांत एक आणि एक तृतीयांश. त्याला 17 नं गुणलं, 22.7 आले. तिनं चष्मा लावून स्वतः गुणाकार करून पाहिला. शनिवारी मेकॅनिक नवीन जेट बसवून गेला, आणि तो मेसेज ज्या तीन ग्रुपवर तिनं टाकला होता, त्या तिन्ही ग्रुपवर तिनं आपल्याच आवाजात सांगितलं, "बायांनो, सुई लावू नका."