चाळीतल्या रंगातलं शिसं: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

शिशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की गिरगावातल्या तुमच्या चाळीत दर दिवाळीआधी दारं-खिडक्या खरवडल्या जायच्या, पोरं तिथंच लोळायची आणि कुणाला काही झालं नाही. मी उगाच लोकांना घाबरवतेय. भीती वाटलीच तर कोथिंबिरीचा रस प्यावा, शिसं निघून जातं, असंही तुमचं म्हणणं.

‘काही झालं नाही’ हे ठरवायचं कशावरून? थोड्या-थोडक्या शिशाने मूल अंथरूण धरत नाही. ताप नाही, पुरळ नाही. बुद्धीची वाढ जरा खुंटते, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते, आणि पोरगं अभ्यासात कच्चं आहे म्हणून आपण मोकळे होतो. तुलना तरी कुणाशी करणार? शिसं घातलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं. तोवर शेजारच्या चाळीतली पोरंही तोच धूर घेत होती. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही.

रक्तातलं शिसं महिन्याभरात बरंचसं उतरतं, पण हाडांत शिरलेलं दशकानुदशकं मुक्काम ठोकतं. बाई गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर तेही सुटतं आणि गर्भापर्यंत पोचतं. चाळीच्या गॅलरीत खेळलेल्या मुलीचं शिसं तिच्या बाळाच्या वाट्याला यावं, हे मला फार लागतं. मोठ्यांनाही ते सोडत नाही: रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात.

तुमच्याच खोलीतली जुनी लाकडी खिडकी बघा. हिरव्यावर पिवळा, त्यावर तपकिरी, असे ऑइलपेंटचे थर. झडप चौकटीला घासते तिथे बारीक भुकटी पडते, आणि रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने घासायला लागला की तीच खोलीभर उडते. रांगणारं मूल फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषतात. रंगात दहा लाख भागांमागे शिसं 90 भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. चुन्याच्या भिंतींची मला एवढी काळजी नाही, ऑइलपेंटची आहे.

कोथिंबीर आमटीत जरूर घाला, पण तिच्या रसाने मुलांच्या रक्तातलं शिसं उतरतं याला भरवशाचा पुरावा नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं असतात, ती पातळी फार चढली तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं, म्हणून नाचणीचं सत्त्व, दूध, पालेभाज्या द्या.

पागडीच्या खोलीत मालक खिळाही ठोकत नाही, सगळं भाडेकरूच्या खिशातून, हे मला ठाऊक आहे. म्हणून बिनखर्चाचंच सांगते. तुमचा नातू रांगायला लागलाय असं तुम्हीच लिहिलंत. रंगकाम चालू असेपर्यंत त्याला आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही दुसरीकडे ठेवा. रंगाऱ्याला पाणी मारून ओलंच घासायला सांगा. नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने फरशी, खिडकीची चौकट, पाळण्याच्या कडा पुसा, आणि ते फडकं घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका. याआधीच खरवडाखरवड झाली असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून नातवाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. आकडा काय आला ते इथेच कळवा, मी वाट बघते.