‘कुत्रा चालतो का?’ एवढ्याने भागत नाही

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला तो आदेश सौम्य केला. तेव्हापासून आपल्याकडे पाळीव कुत्र्याचा विषयसुद्धा त्याच भांडणात ओढला जातो. कुत्र्याला घेऊन हॉटेलात उतरायचं म्हटलं की एक बाजू म्हणते, ‘तो आमच्या घरातलाच आहे’, तर दुसरी म्हणते, ‘माणसांच्या खोलीत जनावर कशाला?’ इथे जर्मनीत राहून मला वाटतं, खरा प्रश्न अटींचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

इथे कुत्र्यावर नगरपालिकेचा कर आहे. बर्लिन, हांबुर्गसारख्या राज्यांत कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. त्यातही मेख आहे: काही पॉलिसी भाड्याच्या खोलीतलं दार किंवा फरशी भरून देतात, गादी-सोफा नाही. प्रवासाआधी ते कलम वाचावं. हॉटेलवालेही अटी आधीच सांगतात, नाही सांगितल्या तर आपण फोन करून विचाराव्यात. कुत्र्यासाठीचं शुल्क दर रात्रीचं की एकदाच? वजनाची मर्यादा आहे का? खोलीत एकटा ठेवलेला चालतो का? नाश्त्याच्या हॉलमध्ये नेता येतो का? शेवटच्या दोन उत्तरांवर सगळं अवलंबून असतं. दोन्हीकडे ‘नाही’ असेल, तर नाश्ता पाळीपाळीने करावा लागतो.

खोली मागताना तळमजल्यावरची, लिफ्टपासून लांबची, गालिचा नसलेली मागावी. कुत्र्याच्या लाळेतले नि कोंड्यातले कण गालिच्यात टिकून राहतात आणि पुढच्या पाहुण्याला ॲलर्जी असेल तर त्याला त्रास होतो. सफाईचा जास्तीचा आकार मला म्हणूनच रास्त वाटतो.

चेक-इनच्या आधी अर्धा तास फिरवून आणावं. खोलीत शिरल्यावर पट्टा लगेच सोडू नये. आधी आपण वाकून पलंगाखाली पाहावं: उंदरा-झुरळांचं औषध, पडलेली गोळी, काहीही असू शकतं. उशीवर ठेवलेलं चॉकलेट आणि परडीतली द्राक्षं कपाटात जाऊ द्या, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. त्याचं अंथरूण घरून न धुता आणावं, ओळखीच्या वासाने तो लवकर स्थिरावतो.

तक्रारी येतात त्या मुख्यतः भुंकण्याच्या. कॉरिडॉरमधली पावलं, लिफ्टची घंटी, शेजारच्या दाराचा आवाज. परक्या जागी त्याला प्रत्येक चाहूल म्हणजे कोणीतरी आत येतंय असंच वाटतं. पंखा किंवा टीव्ही हळू आवाजात चालू ठेवला की बाहेरचे आवाज बुडतात. एकटं ठेवायचा सराव घरीच करावा: पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. हॉटेलात पहिल्यांदा ठेवताना दाराबाहेर थांबून ऐकावं. ‘त्रास देऊ नका’ची पाटी लावावी आणि रिसेप्शनलाही सांगून ठेवावं. नाहीतर सफाईवाली दार उघडते आणि कुत्रा तिच्या पायांमधून थेट जिन्याकडे पळतो.

शू झालीच तर चोळू नये, डाग पसरतो आणि खोल जातो. जुना टॉवेल वरून दाबून ओल टिपावी, मग एन्झाइम असलेलं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्यावं. अमोनियाचं क्लीनर वापरू नये, त्याचा वास शूसारखाच येतो आणि कुत्रा पुन्हा तिथेच करतो. आणि झालं ते मॅनेजरला स्वतःहून सांगावं.

एका बाबतीत मात्र मी आपल्याकडच्या शंकेखोरांच्या बाजूने आहे. जर्मनी २००८ पासून कोल्ह्या-कुत्र्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे. भारतात रेबीजने अजून माणसं मरतात. तिथल्या पाहुण्याची भीती हा निव्वळ पूर्वग्रह नाही. म्हणून भारतातल्या हॉटेलाने रेबीजच्या लसीचा दाखला काउंटरवर मागावा, तारीख तपासावी आणि मुदत संपली असेल तर खोली नाकारावी. मालकाने रागावू नये, दाखल्याची प्रत पट्ट्याच्या पिशवीतच ठेवावी. आवारात भटके कुत्रे असतील तर रात्रीच्या फेरीलाही पट्टा आखूड धरावा. हॉटेलने या अटी खोलीच्या दराशेजारीच छापाव्यात, म्हणजे ज्याला कुत्र्यांच्या जवळपास राहायचं नाही, त्यालाही बुकिंगच्या वेळीच कळेल.