हाताला लागेल तो ठसा?

स्पेनमधल्या सुरुवातीच्या छापील प्रेमकथांबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: यातली चित्रं निरक्षरांसाठी होती, छापखानेवाले हाताला लागेल तो लाकडी ठसा कुठेही लावायचे, नोकर-चाकर नुसते जागा भरायला, आणि तरीही या चित्रांत त्या काळचं स्पेन हुबेहूब दिसतं. दुसरा आणि चौथा मुद्दा एकमेकांना कापतात, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

निरक्षरांचं आधी. 'सेलेस्तिना' या संवादरूप प्रेमकथेच्या प्रस्तावनेतच दहा जण ही कथा ऐकायला जमले तर काय होईल, असा उल्लेख आहे. शेवटच्या पद्यात तर श्रोत्यांना हलवायचं असेल तर कुठे दातातल्या दातात पुटपुटायचं, हेही सांगितलंय. म्हणजे वाचता न येणारा माणूस पुस्तक कानांनी घेत होता. चित्रांची सोय फक्त त्याच्यासाठी होती, याला आधार काय?

आता ठसे. लाकडी ठसा उठावाचा असतो, त्यामुळे तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बसतो आणि एकाच दाबात छापला जातो. साहजिकच ठसे पुन्हा वापरले जात. पुढच्या बऱ्याच आवृत्त्यांत प्रियकर, स्त्री, नोकर, झाड, घर असे सुटे ठसे शेजारी मांडून वर पात्रांची नावं छापलेली दिसतात. मजकूर लिहिणाऱ्याने पाहिलं ते एवढंच. पण तिथेही कोणाशेजारी कोण उभं राहणार, हे प्रसंग वाचूनच ठरवावं लागतं.

आणि सगळंच असं नव्हतं. 'कार्सेल दे आमोर' (प्रेमाचा तुरुंग) ही कथा घ्या. कथेच्या सुरुवातीलाच अंगभर केस असलेला एक रानटी सरदार भेटतो: डाव्या हातात पोलादी ढाल, उजव्या हातात दगडात कोरलेली स्त्रीची प्रतिमा. तो म्हणजे वासना, आणि त्याच्यामागे फरफटणारा कैदी म्हणजे प्रेमात पडलेला नायक लेरियानो. १४९३ च्या आवृत्तीसाठी या कथेचे ठसे मुद्दाम कोरले गेले, आणि १४९६ मध्ये स्पेनमधल्याच बुर्गोस शहरात तेच वापरले, पण याच कथेसाठी. तो केसाळ सरदार दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेत खपला असता, सांगा बरं!

नोकर जागा भरायला? 'सेलेस्तिना' वाचलेला माणूस असं म्हणणार नाही. प्रियकर कालिस्तोसाठी सेलेस्तिना या कुंटणीला आणणारा त्याचा नोकर सेंप्रोनियोच. बक्षीस मिळालेल्या सोनसाखळीचा वाटा तिने नाकारला म्हणून तो आणि दुसरा नोकर पार्मेनो तिचा खून करतात, खिडकीतून उड्या टाकतात आणि शेवटी त्यांची मुंडकी उडतात. कालिस्तो शिडीवरून पडून मरतो तेव्हा त्रिस्तान हा नोकर सोबतच्या सोसिया या नोकराला दगडांवर सांडलेला धन्याचा मेंदू गोळा करायला सांगतो. अशा कथेच्या चित्रांतून नोकर काढले तर उरेल काय? बाग आणि दोन प्रेमिक. १४९९ च्या बुर्गोस आवृत्तीत सतरा चित्रं आहेत. तेवढ्या बागा कोण बघणार?

राहिलं 'हुबेहूब स्पेन'. 'सेलेस्तिना'ची ती १४९९ ची आवृत्ती छापणारा फाद्रिके मूळचा बासेलचा, म्हणजे जर्मन भाषिक मुलखातला. स्पेनमधल्या सुरुवातीच्या छापखान्यांत जर्मन मुलखातून आलेले कारागीर भरपूर होते, आणि चित्रांची धाटणीही बरीचशी तिकडची. 'सेलेस्तिना'ची नायिका मेलिबेआ हिची वस्त्रं पाहून स्पॅनिश पोशाखाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने आधी एवढं तपासावं.