पेशंटला घेऊनच या

आज सकाळी मायच्या फेरतपासणीसाठी नाशिकच्या एका रुग्णालयात फोन केला, तर काउंटरवरून उत्तर मिळाले, "व्हिडिओवर बघणे आता बंद केले आहे, पेशंटला घेऊनच या." मे महिन्यातले खान्देशचे ऊन, आणि पेशंट कोण, तर तिशीपासून अर्धशिशी सोसणारी, ऊन लागले की जिचे डोके उठते अशी बासष्ट वर्षांची बाई. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आधी धुळे, तिथून नाशिक, आणि त्याच दिवशी परत. म्हणजे डोकेदुखीच्या रोग्याचे डोके आधी उठवा आणि मगच डॉक्टरांपुढे बसवा, असा हा नियम झाला.

मार्चअखेर तिला असेच नेले होते. मालेगाव येण्याआधीच तिने ओला रुमाल कपाळाला बांधला, "मनं डोकं फुटी ऱ्हायनं" एवढेच म्हणाली आणि कॅरीबॅगेत ओकली. डॉक्टरांनी मान तपासली, यंत्र लावून डोळ्यांचे पडदे पाहिले. हे फोनवर झाले नसते, मान्य. पण "दुखण्याची गोळी महिन्यातून किती वेळा घेता?" या प्रश्नाला तिने "कधीमधी" असे सांगितले आणि तेच कागदावर उतरले.

खरे उत्तर एप्रिलमध्ये घरबसल्या मिळाले. त्याच डॉक्टरांनी आपणहून व्हिडिओवर वेळ दिली होती. बोलता बोलता माझ्या मुलीने मोबाईल स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे वळवला. माय त्यावर दुधाचा हिशेब लिहिते आणि गोळी घेतली त्या तारखेवर फुली मारते. डॉक्टरांनी मार्चच्या फुल्या मोजल्या, 19 भरल्या. मग जानेवारी-फेब्रुवारीची पाने उलटायला लावली, तिथेही तीच गत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी लावते, हे त्यांनी तिला शांतपणे समजावले. किराणा दुकानातल्या गोळ्या बंद करायला सांगून त्यांनी झटके टाळण्यासाठी रोज रात्रीची गोळी सुरू केली. आता सांगा, भिंतीवरचे कॅलेंडर कोणी एसटीत घेऊन जाते का?

केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे 25 मार्च 2020 रोजी निघाली. समक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला त्यांत फेरतपासणीच मानला आहे. गरज वाटल्यास समक्ष बोलावण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे आणि तो असायलाच हवा. पण इथे डॉक्टरांनी नव्हे, काउंटरने बोलावले आहे. अर्धशिशी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, तिचे निदान रोग्याच्या सांगण्यावरून होते, आणि ते सांगणे, तुम्हाला वेगळे सांगायला नकोच, आपल्या माणसांना आपल्या ओट्यावर बसूनच जमते.

एकाएकी असह्य डोके दुखले, तापासोबत मान आखडली, हातापायातले बळ गेले किंवा जीभ अडखळली, तर मोबाईल बाजूला ठेवून गाडीच काढावी. धडगावच्या डोंगरात रेंज मिळत नाही, हेही खरे. म्हणून जिथे रेंज आहे तिथेही दार लावून घ्यायचे?

काउंटरवरच्या मुलीवर मी ओरडलो, ते चुकलेच. नियम तिने केलेला नाही, आणि कोण जाणे, तिचीही माय कुठल्या तरी गावाहून एसटीनेच येत असेल.

मेच्या पानावर आजपर्यंत चारच फुल्या आहेत. फोनवरचे माझे बोलणे मायने आतून ऐकले असावे, कारण मघाशीच ती विचारून गेली, की धुळ्याची पहाटेची गाडी अजून साडेपाचलाच सुटते का.