लातूरची छोटी गाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

लातूर स्थानकाच्या इतिहासावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत: बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अरुंद रुळांवरची लातूरची जुनी छोटी गाडी, निजामाची असताना मी ती खासगी कंपनीची म्हटली, आजची ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची रेल्वे, जुन्याच मार्गाने जाते हे माझे विधान चुकीचे आहे, आणि ज्या छोट्या गाडीने लातूरला जवळपास शंभर वर्षे मागे ठेवले, तिचे मी गोडवे गायिले.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. जुनी गाडी धाराशिव शहरात येतच नव्हती. तिथल्या लोकांना येडशीचे स्थानक गाठावे लागे. रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळवून शहराजवळून नेला, तेव्हा कुठे त्या जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळाली. एवढी मोठी गोष्ट माझ्या नजरेतून निसटायला नको होती.

पहिला आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. १९११ मध्ये रेल्वे लातूरला पोहोचली तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होते हे खरे. पण राज्य निजामाचे असले तरी रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश रेल्वे अभियंत्याने पुढाकार घेऊन लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीची होती. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला आणि १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेईपर्यंत ती कंपनीकडेच राहिली. निजामाच्या राज्यातली मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची रेल्वे, वेगळी. ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या गावांची रेल्वे. मराठवाड्यात दोन्हींचा उल्लेख सर्रास ‘निजामाची गाडी’ असा होतो, त्यातून ही गल्लत झाली असावी.

तिसऱ्या आक्षेपावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

माझे वडील लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, एका आडतीवर मुनीम होते. माल मुंबईला निघाला की लातूरला अडीच फुटी रुळांवरच्या लहान वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, पोती भरली जात आणि कुर्डुवाडीला ती सगळी उतरवून साडेपाच फुटी रुळांवरच्या मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवावी लागत. पोते आकडी लावून दोनदा उचलले की शिवण उसवणार आणि दाणे सांडणारच. वडिलांच्या खतावणीत बिल्टीच्या, म्हणजे रेल्वेच्या मालपावतीच्या, वजनासमोर ‘घट’ असा एक वेगळा रकाना असे आणि तो कोरा राहिलेला मी क्वचितच पाहिला. माणसांची गतही वेगळी नव्हती. मुंबईला जाताना आम्ही कुर्डुवाडीला रात्री उतरायचो, वळकटी डोक्यावर घेऊन आई पुढे आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या सांभाळत मी मागे, आणि मोठी गाडी येईपर्यंत फलाटावर पथारी पसरायचो. त्यामुळे त्या गाडीची गैरसोय काय होती, हे मला कुणी वेगळे सांगायला नको. ती मी भोगली आहे.

तरीही लातूरला मागे ठेवले ते रुळांच्या रुंदीने. ज्या दिशेने ते रूळ टाकले गेले, त्या दिशेने लातूर घडवले, असे माझे ठाम मत आहे. लातूर राजकीयदृष्ट्या हैदराबादचे असताना इथल्या कापसाला आणि शेंगेला मुंबईची वाट याच गाडीने दाखवली. त्याच रुळांवरून आपल्याकडचे वारकरी पंढरपूर गाठत. पुढे १९२७ मध्ये हीच रेल्वे पंढरपूरच्या पुढे मिरजेपर्यंत गेली आणि लातूर ते मिरज अशी सव्वातीनशे किलोमीटरची एक सलग रेघ तयार झाली. लातूरपर्यंतचे रुंदीकरण व्हायला २००७-०८ साल उजाडले. हा उशीर अक्षम्य आहे आणि त्याबद्दलचा आपला संताप माझाही आहे.

आता एप्रिल २०१६ आठवा. लातूरचे नळ कोरडे पडले होते, घागरींच्या रांगांवरून भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: धाराशिवचे वळण सोडले तर ही तीच १९२७ ची रेघ. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर इतके पाणी आलेच नसते, हे आपले म्हणणे बरोबर ठरते. पण ती वाटच कुणी आखली नसती तर रुंद करायला तरी काय उरले असते?

म्हणून ‘लातूर छोट्या गाडीच्या ऋणात आहे’ हे लेखातले वाक्य मी तसेच ठेवतो आहे. येडशी आणि धाराशिवचा परिच्छेद आजच दुरुस्त केला आहे.